पुढच्या तारखेचे डॉक्टर

आमच्या डॉक्टरांचा माणसाच्या ‘येतो’ या शब्दावर काडीचाही विश्वास नव्हता.

“नक्की येतो म्हणणारा येत नाही,” ते म्हणत. “बघतो म्हणणारा कधीमधी येतो. आणि जो काहीच न बोलता तारखेची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतो ना, तो येतो. पण खिसा कुठला ते बघायचं. शर्टाचा असेल तर ती चिठ्ठी धुण्यात जाते.”

म्हणून चिठ्ठी दिली की ते पेशंटला तिथंच पाकीट काढायला लावायचे. “ठेवा. नोटांच्या मागे नको, पुढे ठेवा. रोज दिसली पाहिजे.” मोठमोठे व्यापारी त्यांच्यासमोर शाळकरी पोरासारखे पाकीट उघडून उभे असायचे. बायकांच्या बाबतीत मात्र डॉक्टर हतबल होते. बाई चिठ्ठी घ्यायची, पदराआड कुठेतरी खोचायची, आणि ती नक्की कुठे गेली हे विचारायची सोय नसायची. मग ते नुसतेच माझ्याकडे बघून म्हणायचे, “ह्यांचं तुम्ही बघा.”

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात त्यांचं डोळ्यांचं क्लिनिक होतं. शेजारी बटणं बनवायचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, दोन खोल्या आणि चार मशिनं. पण दिवसभर त्या मशिनांची अशी खडखड चालायची की पेशंटला ‘खालची ओळ वाचा’ हे ओरडून सांगावं लागे. मी बदलापूरच्या बेलवलीहून तिथं नोकरीला जात असे. बी.कॉम. झाले होते, टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, आणि वर्तमानपत्रात ‘रिसेप्शनिस्ट पाहिजे, आवाज स्पष्ट हवा’ अशी दोन ओळींची जाहिरात बघून गेले होते.

मुलाखतीत त्यांनी माझी मार्कशीट उघडलीसुद्धा नाही. मला मागच्या खोलीत पाठवलं, दार लावून घेतलं, आणि बाहेरून म्हणाले, “आता ‘परवा’ म्हणा.”

मी म्हटलं, “परवा.”

“आता ‘तेरवा’ म्हणा.”

“तेरवा.”

दार उघडलं. “आधीची मुलगी परवा म्हणाली की मला तेरवा ऐकू यायचं. तिच्या एका परव्यापायी माझे सहा पेशंट तेरवाला आले. सोमवारपासून या. हिंदी येतं?”

“येतं.”

“सिंधी?”

“नाही.”

“येईल,” ते म्हणाले. आणि खरोखरच निम्मंशिम्मं आलं.

त्यांना तारखांचं हे वेड लागलं होतं ते काचबिंदूमुळे. मोतीबिंदूबद्दल ते बेफिकीर असत. “तो बिचारा सभ्य आहे, दिसेनासं होतं तेव्हा माणूस आपण होऊन येतो,” म्हणायचे. काचबिंदूचं नाव निघालं की मात्र त्यांचा आवाज बदलायचा. “हा दुखत नाही, हेच ह्याचं दुखणं आहे.” डोळ्यातला दाब वाढत जातो, नजर कडेकडेने खाल्ली जाते, समोरचं दिसत असतं म्हणून माणसाला वाटतं आपण ठणठणीत. गेलेली नजर परत येत नाही. थेंब रोज घालायचे आणि दर दोन-तीन महिन्यांनी दाब मोजून घ्यायचा, एवढंच हातात. आणि नेमकं तेवढंच कोणी करत नाही.

हे पटवायला त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली होती. वर्तमानपत्राच्या दोन सुरळ्या करायच्या, पेशंटच्या नातेवाइकाच्या दोन्ही डोळ्यांना लावायच्या आणि म्हणायचं, “आता दारापर्यंत चालत जाऊन या.” पेशंटला नव्हे, नातेवाइकाला. पेशंट बाकावर बसून बघत असे. माणूस पहिल्या दोन पावलांत हसायचा, तिसऱ्याला स्टुलावर आपटायचा, चौथ्याला माझ्या टेबलावर. एकदा कापडाचे एक जाडजूड व्यापारी सुरळ्या लावून निघाले ते सरळ बटणांच्या कारखान्यात शिरले. तिथून त्यांना हाताला धरून परत आणलं, तर डॉक्टर शांतपणे म्हणाले, “तुमच्या आईला दोन वर्षांनी असं दिसणार आहे. पुढच्या तारखेला घेऊन येणार का?” ते गृहस्थ पुढची चार वर्षं एकदाही चुकले नाहीत.

मी जाण्याच्या कितीतरी आधी, ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला, ते पेशंटना पोस्टकार्डं पाठवत असत. स्वतःच्या हाताने, लाल शाईत. लाल शाई बघून घरोघर घबराट उडायची, पण त्यांनी ती सोडली नाही. पोस्टकार्ड उघडं असतं, पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे वाचतात, अशी कोणी तक्रार केली तर म्हणायचे, “वाचू देत की. चौघांनी वाचलं तर एक तरी आठवण करील.” लोक एकमेकांना निरोप सांगतातच, यावर त्यांचा फार भरवसा. ‘येतो’वर नसलेला सगळा विश्वास त्यांनी या एका गोष्टीवर ठेवला होता.

पुढे घराघरांत फोन आले आणि हे काम माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी रजिस्टर उघडायचं आणि उद्याच्या तारखेच्या लोकांना एकेक फोन करायचा. डॉक्टर स्वतः फोनच्या वाटेला जात नसत. त्याला कारण होतं. समोर बसलेल्या माणसाशी लोण्यासारखं मऊ बोलणारा हा गृहस्थ रिसीव्हर हातात आला की डोळे मिटून किंचाळायचा. ट्रंककॉलच्या काळात लागलेली सवय. एकदा मी रजेवर असताना त्यांनी दोन गल्ल्या पलीकडच्या पेशंटच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला. हे ओरडले, “मी डॉक्टर बोलतोय! तुमचे मिस्टर! उद्या!” त्या माउलीने रिसीव्हर टाकून जो टाहो फोडला, तो क्लिनिकमध्ये ऐकू आला म्हणतात. तेव्हापासून फोन माझ्या टेबलावरून हलला नाही.

रोजचे वीस-पंचवीस फोन. अर्धे लागायचे नाहीत, उरलेले एंगेज. मी आजारी पडले की दुसऱ्या दिवशी क्लिनिक ओस. एका पावसाळ्यात मला टायफॉइड झाला आणि मी तीन आठवडे घरी होते. परत आले तर डॉक्टर रजिस्टर पुढ्यात घेऊन बसलेले. “ह्या तीन आठवड्यांत एकेचाळीस जण आले नाहीत,” ते म्हणाले. “तुम्ही आजारी पडलात तर एकेचाळीस डोळे धोक्यात येतात.”

“डोळे ब्याऐंशी होतील, सर,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “बरोबर,” म्हणाले, आणि त्यांच्या डोक्यात मशीन शिरलं ते त्याच दिवशी, असा माझा समज आहे.

शहाण्णव साल असावं. कॅम्पातच टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे एक सिंधी गृहस्थ होते. पन्नाशीचे, कानावर नेहमी पेन्सिल. सगळा कॅम्प त्यांना टेपवाले भाई म्हणायचा. डॉक्टरांनी अंबरनाथच्या एका कारखान्यातून लिलावात निघालेला कॉम्प्युटर आणला, भाईंनी मुंबईहून मोडेम आणला, आणि दोघे मिळून दोन महिने रोज दुपारी त्या डबड्यापुढे बसत. करायचं काय, तर कॉम्प्युटरने आपण होऊन यादीतले नंबर फिरवायचे, पलीकडून उचलला की रेकॉर्ड केलेला निरोप वाजवायचा आणि ठेवून द्यायचा. मग यादीत त्या नावापुढे एक चांदणी उमटवायची. सकाळी छापील यादीवर चांदण्या मोजल्या की कळलं, किती जणांना निरोप पोचला.

“डॉक्टरसाब,” भाई पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “एक बात समझ लो. मशीन का काम बोलना है. सुनना उसका काम नहीं.”

“सुनने का है क्या उसमें?” डॉक्टर म्हणाले. “तारीख तो मैं दे चुका हूँ.”

निरोप माझ्या आवाजात रेकॉर्ड झाला. डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत, बटणांचा कारखाना जेवायला बंद असताना. पाऊण तास मिळायचा. ‘नमस्कार. आपल्या डोळ्यांची तपासणी उद्या आहे. येताना थेंबांची बाटली आणावी.’ एवढीच दोन-तीन वाक्यं, पण डॉक्टर अंधारात बसून दर वेळी नवीन खोड काढायचे. “तुम्ही विनंती करताय. विनंती नको.” पुढच्या खेपेला, “आता तुम्ही धमकी देताय.” मग, “आता बातम्या वाटतात.” चौथ्या दिवशी जमत आलं तोच रस्त्यावरून पाववाला भोंगा वाजवत गेला. मी नको नको म्हणत असता डॉक्टर म्हणाले, “राहू दे. पाववाल्याचा भोंगा ऐकून माणूस कान टवकारतो.” ‘उद्या’च्या आधी तो भोंगा शेवटपर्यंत राहिला.

सिंधी निरोप एका पेशंट आजींनी रेकॉर्ड केला. त्यांनी निरोप सांगून झाल्यावर वर आपल्या मनाने विचारलं, जेवण झालं का, आणि पलीकडच्याला फोनवर हळू बोलायला सांगितलं. सगळ्यात जास्त पेशंट त्या निरोपावर येत.

मशीन सुरू झालं, चिठ्ठ्या मागे पडल्या, ‘फोन येईल तेव्हा या’ असं आम्ही सांगू लागलो, आणि कॅम्पात मी ओळखीची झाले. भाजीवाल्याला भाव विचारला तर तो म्हणायचा, “थेंबांची बाटली आणू का, ताई?” अंबरनाथचं एक स्थळ मला बघायला आलं. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर मुलाचे वडील एकदम सरसावून बसले. “अहो, ह्या तर उद्यावाल्या!” मुलाकडून नकार आला. वडील मात्र पुढच्या तारखेला बाटली घेऊन बरोबर हजर.

मशीनच्या लहरीही होत्या. त्याच्या आतली बॅटरी संपली होती हे कोणाला माहीत नव्हतं. एका शुक्रवारी वीज गेली ती सकाळी दहाला आली, आणि ते डबडं समजलं की आत्ता मध्यरात्र झाली. संध्याकाळी सातला करायचे फोन त्याने पहाटे पाचला केले. शनिवारी क्लिनिक उघडायच्या आधी बाहेर ही गर्दी. सगळे भांडायला आलेले. कोणाची आई दचकून पडता पडता वाचली होती, कोणाला वाटलं गावाकडून वाईट बातमी आली. डॉक्टर सगळ्यांचं ऐकून घेत होते आणि माझ्या हातातली यादी बघत होते. यादी शनिवारचीच होती. म्हणजे भांडायला आलेल्या प्रत्येकाची तारीख तीच.

“आलाच आहात तर बसा,” ते म्हणाले, आणि मला हळूच, “इतकी हजेरी कधीच लागली नव्हती हो. पाचच वाजता ठेवू या का?”

मी नाही म्हटलं म्हणून राहिलं.

आणखी एक गंमत झाली. अंबरनाथच्या एका पेशंटचा नंबर पी.पी. होता, म्हणजे फोन शेजाऱ्याचा; शेजाऱ्याने बोलवायचं. तो शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेला ऑफिसर, वरच्या मजल्यावर राहणारा, अतिशय सभ्य. एका सकाळी तो टाय लावून माझ्यासमोर उभा. “काल तुमचा फोन आला; भोंगेवाली बाई तुमच्या क्लिनिकची, हे चौकशी केल्यावर कळलं. मी तीनदा सांगू पाहिलं की मी आपला पेशंट नाही, पण बाईंनी माझं ऐकूनच घेतलं नाही. वेळ दिलीय तर यायला हवं, म्हणून आलो.” डॉक्टरांना हसू आवरेना. पण आलेल्या माणसाचे डोळे न तपासता पाठवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दाब मोजला, तर चांगलाच वाढलेला. काचबिंदूची सुरुवात, अगदी वेळेवर सापडली. डॉक्टर महिनाभर ही गोष्ट येईल त्याला सांगत होते. “मशीनने स्वतः पेशंट शोधून आणला!” खालच्या मजल्यावरचा खरा पेशंट त्या दिवशी आलाच नव्हता. तो पंधरा दिवसांनी मी चिठ्ठी पाठवल्यावर आला. त्याचं काही बिघडलं नव्हतं, म्हणून आम्ही तेवढ्यावर सोडून दिलं. हसण्याच्या भरात दोघांच्याही लक्षात आलं नाही की ही गंमत नव्हती.

पुढच्या थंडीत एकदा यादी चाळता चाळता डॉक्टर एका नावावर थांबले. हिराबाई, गाव चामटोली. बदलापूरजवळचं खेडं. पन्नाशीची शेतावर राबणारी बाई. पहिल्यांदा आली तेव्हा उजव्या डोळ्यात काचबिंदू बराच पुढे गेलेला होता, डाव्यात नुकता सुरू. थेंबांनी दाब उतरला होता. दोन तारखांना नेमाने आली. आणि पुढच्या तीन तारखा कोरड्या.

“तीनदा चांदणी आहे,” डॉक्टर म्हणाले. “तीनदा सांगितलं. आठ महिने झाले. हिचे थेंब कधीच संपले असतील.” मी त्यांना पेशंटवर चिडलेलं फार थोड्या वेळा पाहिलंय, त्यातली ही एक. “माणसानं आपल्या डोळ्याची एवढीसुद्धा किंमत करू नये?” दोन दिवस ते धुसफुसत होते. तिसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी आठला त्यांची स्कूटर बेलवलीला आमच्या दारात.

“तुम्हाला चामटोलीचा रस्ता माहीत असेल,” ते म्हणाले. “चला. तिला दोन शब्द सुनावायचेत.”

आईने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे एकवार नीट पाहिलं आणि मला जायची परवानगी दिली.

डॉक्टरांची स्कूटर म्हणजे अखंड हॉर्न. म्हैस दिसली तरी हॉर्न, झाड दिसलं तरी हॉर्न. गावात शिरल्यावर पहिलंच किराण्याचं दुकान, तोच हिराबाईने दिलेला पी.पी. नंबर. डॉक्टर उतरले, ओळख सांगितली आणि विचारलं, “आमच्या क्लिनिकचा फोन येतो ना तुमच्याकडे?”

“डोल्यांचा ना? येतो ना,” दुकानदार म्हणाला. “बाई बोलते एक. लय ग्वाड बोलते. मदीच भोंगा वाजवते.”

“मग तुम्ही निरोप देत नाही?”

“कोनाला देऊ?” तो म्हणाला. “नाव कुठं घेते ती? मी इचारतो, बाई, कोन पायजे तुमाला? ती आपली ‘थेंबांची बाटली आना’ बोलते नि ठेवून देते. मला वाटलं सरकारचं काय तरी असंल. पोलिओचं सांगतात ना टीव्हीवर, तसं. दुकानात जो असंल त्याला सांगायचो, बाबा, उद्या डोलं तपासून घे म्हनं.”

मी मनातल्या मनात निरोप पहिल्यापासून म्हणून पाहिला. नमस्कार. आपल्या डोळ्यांची तपासणी उद्या आहे. चार दिवस अंधाऱ्या खोलीत बसून आम्ही आवाज घासूनपुसून घेतला होता. विनंती नको, धमकी नको, सगळं झालं होतं. कोणाची तपासणी, कोणत्या डॉक्टरांकडे, हे त्यात नव्हतंच. प्रत्येकाचं वेगळं नाव कुठे रेकॉर्ड करत बसायचं, म्हणून गाळलं होतं. अंबरनाथचे टायवाले गृहस्थ त्याच निरोपावर आले होते, आणि आम्ही महिनाभर हसत होतो.

हिराबाईचं घर दुकानामागेच होतं. ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती. सूप तोंडाशी धरलेलं, मान एका बाजूला वाकडी, आणि खडे नजरेने नाही, बोटांनी शोधत होती. डॉक्टर फाटकातच थबकले. त्यांना तिथूनच सगळं कळलं असणार.

“हिराबाई,” मी हाक मारली. “डॉक्टर आलेत.”

“अगं बाय! हिकडं कुठं?” ती लगबगीने उठली. पदर सारखा केला, आणि बघितलं ते माझ्या डावीकडच्या रिकाम्या जागेत.

सुनावायचे दोन शब्द डॉक्टरांच्या तोंडून निघाले, पण फार हळू. “तुम्ही तीन तारखा चुकलात.”

“चुकले नाय,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, एखादी गोष्ट नीट समजावून सांगावी तसं ती सांगत होती. “तुमीच बोललाव ना, आता मशीन बसवलंय, फोन येल तवा या. मी दर चार दिसानी दुकानात इचारायचे, माजा फोन आला का? तो नाय बोलायचा. मंग मी म्हनले, डाक्तर बोलवत नाय म्हंजे डोलं बरं असतील.”

“आणि थेंब?”

“ते संपलं. नवीन तुमी देनार व्हताव ना, बोलवल्यावर.”

डॉक्टरांनी तिला ओट्यावर बसवलं, खिशातली बॅटरी काढली, डोळ्यांवर आळीपाळीने उजेड टाकला. उजव्यावर टाकला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. “इकडून उजेड दिसतो?”

“नाय.”

“कधीपासून?”

“भात लावलं तवा थोडं दिसत व्हतं. कापनीला नाय.”

डाव्या डोळ्यासमोर त्यांनी बोटं धरली. दोन, चार, तीन. तिने बरोबर सांगितली. पण बोटं जरा बाजूला नेली की ती गप्प व्हायची.

मग डॉक्टर तिच्याशेजारी ओट्यावर खाली बसले. मी त्यांना कोणासमोर असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं, हात गुडघ्यांत, बॅटरी तशीच चालू. म्हणाले, “हिराबाई, उजवा डोळा गेला. तो आता येणार नाही. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही मी सांगितलं तसंच केलंत. चूक माझी झाली.”

ती गोंधळली. आधी माझ्याकडे वळली, मग त्यांच्या आवाजाच्या दिशेला. मग तिने उजव्या डोळ्यावरून एकदा तळहात फिरवला, हळूच, लहान मुलाच्या तोंडावरून फिरवावा तसा.

“आनि ह्यो?” तिने डाव्याला बोट लावलं.

“हा मी जाऊ देणार नाही. उद्या सकाळी मी गाडी पाठवतो. ऑपरेशन करावं लागेल.”

“फोन करताव का?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “मीच येतो.”

जाताना त्यांनी चहा घेतला. ती म्हणाली, कोरा आहे, दूध नाही. ते म्हणाले, मला कोराच आवडतो. खोटं होतं ते. बदलापूरपर्यंत त्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. एका वळणावर तर समोरून बैलगाडी आली आणि मीच मागून ओरडले.

सोमवारी ते खरंच स्वतः गेले. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि तो वाचला. जेवढी नजर उरली होती तेवढी टिकली. पण त्या आठ महिन्यांत कडेकडेने जी गेली होती ती गेलीच.

मशीन डॉक्टरांनी बंद करून त्यावर चादर टाकली. टेपवाले भाई चादर बघून दुखावले. “मशीन का क्या कसूर?”

“मशीन का कुछ नहीं,” डॉक्टर म्हणाले. “तुमने पहले दिन बोला था, सुनना उसका काम नहीं. वो मेरा काम था.”

तीन आठवडे मी पुन्हा हाताने फोन लावले. मग एका दुपारी डॉक्टरांनीच चादर काढली. ते आपल्या मशीनवर फार दिवस रुसून राहणारे नव्हते. मला रजिस्टर घेऊन अंधाऱ्या खोलीत यायला सांगितलं, आणि दोन महिने, रोज कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत, मी एकेका पेशंटचं नाव रेकॉर्ड केलं. आडनावासकट. निरोपात क्लिनिकचं नाव आलं. शेवटी एक वाक्य वाढलं: ‘हा निरोप मिळाला असल्यास आम्हाला फोन करून सांगावे.’ जो सांगेल त्याच्या नावापुढे मी माझ्या हाताने पेन्सिलीने खूण करायची. मशीनच्या चांदण्या डॉक्टरांनी भाईंना सांगून काढूनच टाकल्या. आणि पी.पी. नंबरवाल्यांना मशीनने हात लावायचा नाही. तिथे मीच बोलायचं, तेही निरोप कोण देणार त्याचं नाव लिहून घेऊन. मशीन त्यानंतर मी लग्न होऊन जाईपर्यंत छान चाललं. पेशंट चुकायचे, पण कोण चुकला ते आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळायचं.

‘फोन येईल तेव्हा या’ हे वाक्य क्लिनिकमध्ये बंद झालं. एकदा माझ्या तोंडून चुकून निघालं, तर डॉक्टर आतून पेशंट सोडून बाहेर आले, आणि त्या माणसाला म्हणाले, “फोन नाही आला तरी या. आम्ही मेलो तरी या. दुसरा कोणी असेल इथे.”

महिन्याच्या पहिल्या रविवारी ते चामटोलीला दुकानाच्या ओट्यावर बसू लागले. बरोबर दाब मोजायचं छोटं यंत्र, चिमणीएवढं, आणि वर्तमानपत्राच्या सुरळ्या. गावातल्या आणि वरच्या वाड्यांतल्या बायाबापड्यांना ते सुरळ्या लावून चालायला लावायचे, आणि सगळं गाव हसून लोळायचं. दोन नवीन काचबिंदू सापडले.

हिराबाई मात्र त्या रविवारची वाट बघत नसे. तिला क्लिनिकचीच तारीख हवी असायची, आणि तारीख चुकू नये म्हणून ती एक दिवस आधीच यायची. तारीख उद्याची आहे म्हटलं की म्हणायची, “म्हाईत हाय. आज बगून घ्या, उद्याचं उद्या.” येताना वालाच्या शेंगा नाहीतर भोपळा. चालताना उजवीकडे मान वळवून वळवून चालायची, म्हणून माझ्या टेबलाला कधी आपटली नाही.

ती आत गेली की डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहायचे. ती बसेपर्यंत उभेच. बाहेर कितीही गर्दी असो, आत कोणीही बसलेलं असो. मी ते दारातून बघायची आणि रजिस्टरात डोकं घालायची.

एकदा तपासणी झाल्यावर ती माझ्याकडे चिठ्ठी घ्यायला आली. इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून तिने विचारलं, “ताय, एक इचारू? ह्ये डाक्तर मी आले की उटून हुबं कशाला ऱ्हातात? कंबर धरते काय त्यांची?”

“हो,” मी म्हटलं. “धरते.”

“मंग त्यांना सांग, औशीद घ्या म्हनावं,” ती म्हणाली. “माज्यासाटी नका उटू.”